केरबाची शिरोरेघ

माझ्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर तीन भांडी आहेत. एक वाटी, एक ताट, एक पेला. चांगल्या जाड स्टीलची, अजून लख्ख. पण त्यांत मी कुणाला काही वाढत नाही. सून नवीन आली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात तो पेला काढून पाणी प्यायला घेतलं, तर मी अशी काही खेकसले की पोरगी रडायलाच लागली. नंतर तिची समजूत काढली, पण कारण सांगितलं नाही. आज सांगते. आता केरबाही नाही, मुक्ताबाईही नाही, आणि लपवून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी सुचेता कर्णिक. सत्त्याऐंशी साली गिरगावातली दीड खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला आलो, खारी गावाच्या अंगाला. तेव्हा बिल्डिंगच्या मागे मिठागरं होती आणि नळाला पाणी नव्हतं. मी तळमजल्यावर बालवाडी काढली. पोरांच्या अक्षरावर माझा फार जीव. वाकडं अक्षर दिसलं की माझं डोकं फिरतं. आणि बोलणं म्हणाल तर मी तोंडाची फटकळ, पहिल्यापासून. सासूबाई म्हणायच्या, "सुचेताचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला." मला त्याचा राग यायचा. आता येत नाही.

केरबा आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. मूळचा परभणीकडचा, मधे वीस वर्षं परळला, मग आमच्यासारखाच स्वस्त जागेपायी इकडे. घरात तो, बायको मुक्ताबाई आणि मुलगी नीलम. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली रोज ताजं फूल. धनजीभाईच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर ओट्यावर बसून केरबा भांड्यांवर नावं घालायचा. मांडीत परात, हातात ते पेनासारखं मशीन, टर्रर्र आवाज. पेन्सिलीने आधी आखणं वगैरे काही नाही. सगळी अक्षरं मोकळी काढून घ्यायची आणि शेवटी श्वास रोखून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच दमात शिरोरेघ ओढायची. सुतात धरल्यासारखी सरळ यायची. मी बालवाडीतल्या पोरांना मुद्दाम न्यायची बघायला. "बघा रे, अक्षर याला म्हणतात." केरबा लाजायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, "बाई, मी चौथी नापास हाय."

त्याच्या घरात एक वस्तू बिननावाची नव्हती. हंडा, कळशी, चिमटा, उलथणं, किसणी, सगळ्यांवर नाव. मी चिडवायचे, "केरबा, एक दिवस मुक्ताबाईच्या कपाळावर पण घालाल!" मुक्ताबाई पदरात हसायची. घरात एक छोटी स्टीलची डबीपण होती, गोल, तपकिरीच्या डबीएवढी. तिच्यावर त्याने सुरेख अक्षरात घातलं होतं, 'फेनिटॉइन'. मला वाटलं काही आयुर्वेदिक असेल. विचारलं नाही, आणि तेव्हा विचारायचं कारणही नव्हतं.

ब्याण्णव साल सरलं आणि त्र्याण्णवचा जानेवारी उजाडला. संक्रांतीच्या वाणासाठी मी तीस वाट्या घेतल्या होत्या. केरबाने पहिल्याच आठवड्यात नाव घालून दिलं, 'सुचेता, संक्रांत १९९३'. आणि मग मुंबई पेटली. इकडे आम्ही दारं लावून बसलो. कोण कामाला जाणार आणि कोण कुठे जाणार! केरबा दर दोन महिन्यांनी मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन यायचा, तेही राहिलं. मला वाटायचं तो जुन्या दोस्तांना भेटायला जातो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी मुक्ताबाईने माझं दार बडवलं. जाऊन बघते तर केरबा जमिनीवर, अंग ताठ, तोंडातून फेस आणि रक्त. मी खाली जाऊन रिक्षा आणली. कर्फ्यूच्या भीतीने रिक्षावाला "नहीं आयेगा" म्हणत होता, त्याला मी असा झापला की तो गुमान आला. रिक्षात मुक्ताबाईने माझा हात घट्ट धरला.

"बाई, तुमच्या पाया पडते, कुणाला बोलू नका. यांला ही खोड जुनी हाय. पंधरा वर्षं झाली, दगड लागला व्हता डोक्याला. मुंबईच्या गोळ्यांवर हायेत. गोळ्या सरल्या पाच दिवसांमागं, आणाय जाता आलं न्हाई."

"मग हे डॉक्टरला सांगायलाच हवं की!"

"नगं बाई. तिथं पंढरीनाथ असतोय."

आता मला कळलं. पंढरीनाथ म्हणजे डॉक्टर गुणवंतभाईंचा कंपाउंडर. त्यानेच नीलमसाठी काशीमीऱ्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा रवी, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात क्लार्क, निर्व्यसनी. बोलणी निम्मी झालेली. बापाला मिरगी आहे हे त्या घरात कळलं असतं की संपलंच, असं मुक्ताबाईला वाटत होतं. मलाही वाटलं. एखादवेळी झटका कुणालाही येतो, तो झटका. पण पंधरा वर्षं गोळ्या चालू म्हणजे मिरगी. लोकांचा हिशेब असाच असतो.

दवाखान्यात केरबा टेबलावर पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. गुणवंतभाईंनी जीभ बघितली, नाडी बघितली. पंढरीनाथ इंजेक्शन भरत शेजारीच उभा. डॉक्टरांनी विचारलं, "पहिले कधी असा आला होता? काही गोळी चालू आहे?"

मुक्ताबाई माझ्याकडे बघत राहिली. आणि मी ठणकावून सांगितलं, "छे! पहिल्यांदाच. गोळी कसली आणि काय कसली. या दंगलीने झोप नाही, जेवण नाही, त्यातून झालंय."

तेवढंच मी बोलले. वेळ लागला असेल तो दोन श्वासांचा.

गुणवंतभाई भला माणूस. त्यांनी चिठ्ठीवर कंपनीची गोळी लिहून दिली, सेझोनिल. सकाळ, दुपार, संध्याकाळ. "बंद करायचा नाही हां, बेन," असं दोनदा सांगितलं. मेडिकलवाल्याने कात्रीने पाकीट कापून गोळ्या दिल्या, त्यात नावाचा तुकडा त्याच्याकडेच राहिला. म्हणून केरबाने उठून बसता आल्याबरोबर दुसरी डबी घेतली आणि चिठ्ठीवरचं नाव मला वाचायला लावून तिच्यावर घातलं, 'सेझोनिल'. मीच त्याला अक्षर अक्षर सांगितलं.

पंधरा दिवसांनी शहर निवळलं तसा तो मुंबईला जाऊन, खिडकीवर जुना कागद दाखवून, नेहमीच्या गोळ्या घेऊन आला. आता दोन डब्या झाल्या. तो दोन्ही हातांत घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. ही सरकारी, पांढरी. ही कंपनीची, नारंगी. दोन्ही घेऊ का?"

मी काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, चला, दोन्ही डब्या घेऊन डॉक्टरकडे. पण ते केलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. तेवढा विचार मी केला की नाही, आता आठवत नाही. तोंडातून मात्र लगेच निघालं, "घ्या की! न घ्यायला काय झालं? एक जुनी, एक नवी. दाराला दोन कड्या असल्या म्हणजे चोर येत नाही. औषधाने कधी औषध मारलंय का?"

केरबा खूश झाला. त्याला ते वाक्य इतकं आवडलं की पुढे मुक्ताबाई काही बोलली की तो म्हणायचा, "बाईंनी सांगितलंय, दोन कड्या."

महिनाभर सगळं ठीक होतं. मग फेब्रुवारीच्या शेवटी त्याच्या हिरड्या सुजल्या. दात घासताना रक्त यायचं. मग तो जिना उतरताना कठड्याला धरायला लागला. जो माणूस दोन हंडे घेऊन तीन मजले चढायचा! मार्चमध्ये मी त्याला बोलताना बघितलं तर त्याची बुबुळं आपोआप डाव्या-उजव्या बाजूला उडत होती. मी नजर काढून घेतली.

चौदा एप्रिलला जयंतीच्या मंडळाने मुलांना बक्षीस म्हणून ताटं वाटली. नावं आणि तारीख अर्थात केरबाने घातलेली. मी बक्षिसं द्यायला पाहुणी, म्हणून एक ताट मलाही. घरी येऊन पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. शिरोरेघ मध्येच खाली उतरली होती आणि पुन्हा वर चढली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "केरबा आताशा उरकतो काम. पूर्वीचं राहिलं नाही." नवरा पेपरमधून बघत म्हणाला, "वय झालं." केरबा तेव्हा सत्तेचाळीसचा होता.

मग बोलणी सुरू झाली. टँकरच्या रांगेत तर बायकांना विषयच मिळाला. तो चालताना पाय फाकवून चालायचा, भिंतीला खांदा घासत. बोलताना जीभ अडखळायची. "केरबा घ्यायला लागला," कुणीतरी म्हणालं, आणि ते पक्कं होऊन गेलं. आयुष्यात विडीला हात न लावलेला माणूस! पण मला सांगायला लाज वाटते, मीसुद्धा एक दिवस त्याला जिन्यात अडवलं.

"केरबा, खरं सांगा. पिऊन आलात?"

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे उडत होते. मग म्हणाला, "बाई, तुम्ही बी?" तेही धड उमटलं नाही. आणि भिंत धरून वर गेला.

मुक्ताबाईचा संशय मात्र गोळ्यांवर होता. तिने कधी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पाणी कुठे मुरतंय ते तिला कळत होतं. तिने बायकांना विचारलं. एक म्हणाली, सरकारी गोळ्या म्हणजे निव्वळ खडू, फुकट ते काय असणार. दुसरी म्हणाली, छे, फुकटचीच बरी, कंपनीची गरम पडते, माझ्या दिराला अंगभर चट्टे उठले होते. तिसरीने सब्जा प्यायला सांगितला. मुक्ताबाईने सगळं ऐकून घेतलं आणि मे महिन्यात गुपचूप पांढऱ्या गोळ्या काढून ठेवल्या, त्यांच्या जागी अपचनाच्या सोडामिंट घातल्या. दहा-बारा दिवस. आणि काय सांगू, केरबाची चाल सुधारली! जिन्याचा कठडा सुटला. धनजीभाईने हसून विचारलं, "क्या केरबा, छोड दी क्या?"

पण केरबाला एक दिवस जिभेवर सोडामिंट लागली. त्याने घर डोक्यावर घेतलं. मला पुन्हा जमिनीवर पाडायचंय का, पोरीच्या लग्नात पाडायचंय का, असं ओरडत सुटला. मुक्ताबाई रडत माझ्याकडे आली. "बाई, ती पांढरी बंद केली तर बरं वाटतंय त्यांला. तुम्ही सांगा ना त्यांला."

आणि मी काय केलं? मी मुक्ताबाईलाच झापलं. "डॉक्टर झालात का तुम्ही? मनाने गोळ्या बंद करायच्या म्हणजे काय? उद्या फिट आली आणि मोरीत पडून डोकं फुटलं तर?" घरी जाऊन तिने पांढऱ्या गोळ्या परत डबीत भरल्या. उत्तर तिच्या हातात होतं, ते मी काढून घेतलं.

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली, तेव्हा मी मुलांना पेले दिले. केरबाचा धंदा बसत चाललेला, म्हणून मुद्दाम त्यालाच नावं घालायला सांगितली. एकावर 'जून १९९३' मधला 'ज' उडून पार काठाला जाऊन बसला होता. एका आईने तो पेला परत आणून दिला, म्हणाली, "टीचर, हे असलं नको." तोच माझ्याकडे राहिला.

गुणवंतभाईंकडे तो जात होता. त्यांना काय ठाऊक की घरी दुसरी डबी आहे! ते म्हणायचे, इतक्या डोसने असं होत नाही, अशक्ती आहे, लग्नाचं टेन्शन आहे. ताकदीची सुई देत होते. मुक्ताबाई दर वेळी बरोबर जायची आणि दर वेळी पंढरीनाथ तिथे उभा असायचा. ऑगस्टमध्ये धनजीभाई मला म्हणाला, "बेन, मी काय करू? गिऱ्हाईक बोंब मारते. 'सौभाग्यवती'चं काय केलं बघा याने." ओट्यावर दुसरा माणूस बसला. केरबा स्वतःचं मशीन पिशवीत घालून घरी आला.

त्यानंतर त्याचं एकच चाललं होतं. नीलमच्या लग्नातल्या भांड्यांवर नाव मीच घालणार. डिसेंबरची तारीख होती. एकवीस भांडी. पहाटे उठून बसायचा, उजवा हात डाव्या हाताने दाबून धरायचा. भिंतीपलीकडून टर्रर्र ऐकू यायचं, मग थांबायचं, मग खूप वेळ काही नाही, मग पुन्हा. मी अंथरुणात पडून ऐकायची. त्या थांबण्याचीच मला भीती वाटायला लागली होती.

लग्न झालं. काशीमीऱ्याच्या हॉलमध्ये एका टेबलावर ती एकवीस भांडी मांडली होती. माणसं जवळ जायची, बघायची आणि काही न बोलता जेवायला वळायची. कोणी नावं ठेवली नाहीत. नीलम मात्र नवरीच्या कपड्यांत तिथे येऊन उभी राहिली आणि सगळ्यात मोठ्या परातीवर हात ठेवून रडली. परातीवरचं 'नीलम' मला ओळखू आलं ते फक्त तिथे दुसरं कुठलं नाव असणं शक्य नव्हतं म्हणून. शिरोरेघ नव्हतीच. त्याने ती ओढायचा प्रयत्नच सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही शोधायला वरच्या फळीवरचं सामान काढलं आणि वाटी हाताला लागली. 'सुचेता, संक्रांत १९९३'. सरळ, सुतात. मी तशीच स्टुलावर उभी राहिले. मग ताट काढलं, पेला काढला. तिन्ही ओट्यावर ओळीने मांडली. पोरांच्या वह्या तपासाव्यात तशी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हात सरळ. एप्रिलमध्ये डळमळलेला. जूनमध्ये उडालेला. तारखा त्यानेच घातलेल्या, स्टीलवर, पुसता न येणाऱ्या. मधे काय झालं? जानेवारी आणि एप्रिलच्या मधे काय झालं?

अगं बाई! दुसरी डबी.

त्याच दिवशी केरबा-मुक्ताबाई दोघांना घेऊन मी मुंबईला हॉस्पिटलात गेले. पिशवीत भांडी आणि दोन्ही डब्या. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, डॉक्टर इशिता. तिने केरबाला बोटाकडे बघायला सांगितलं, नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट नाकावर न लागता डोळ्यात गेलं. सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर तो तिसऱ्या पावलाला कपाटावर गेला. मग मी भांडी मांडली. तिने तारखा वाचल्या आणि एकदम गंभीर झाली. "औषधं कुठली?" मी दोन्ही डब्या टेबलावर ठेवल्या.

तिने एक उचलली, वाचली. दुसरी उचलली, वाचली. मग दोन्ही एकमेकींना चिकटवून ठेवल्या.

"हे एकच औषध आहे," ती म्हणाली.

मग तिने एकेका डबीवरच्या नावावर बोट ठेवलं.

"हे औषधाचं मूळ नाव, आणि हे कंपनीने दिलेलं नाव. आत तेच आहे. तुम्ही जवळजवळ वर्षभर दुप्पट डोस घेताय."

केरबा म्हणाला, "पर नावं तर दोन हायेत. म्याच घातलीत." तो डब्यांकडे बघत होता. आयुष्यभर ज्या भांड्यावर जे नाव, त्याचं ते भांडं, हा त्याचा धंदा. दोन डब्यांवर दोन नावं म्हणजे दोन औषधं, यात त्याला शंका घ्यायला जागाच नव्हती.

डॉक्टरणीचा आवाज चढला. "दुसरी गोळी सुरू करताना पहिलीचं त्या डॉक्टरना कुणीच सांगितलं नाही? त्यांनी विचारलं नाही?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ हलली नाही. आणि मुक्ताबाई खाली बघत म्हणाली, "माझं चुकलं, डॉक्टरीणबाई. म्याच लपवलं."

मी तिला ते बोलू दिलं.

केरबाला दाखल करून घेतलं. नारंगी बंद, पांढरी चालू. पांढरी हीच त्याची खरी गोळी, घाबरून ती सोडली तर जीव जाईल, असं डॉक्टरीण तीनदा बजावून म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात बोलणं सुधारलं. दोन महिन्यांत भिंत सोडून चालायला लागला, हळूहळू, पाय फाकवूनच. हाताचं मी डॉक्टरणीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, मेंदूच्या मागे तोल सांभाळणारा भाग असतो, फार दिवस विष चढलं की त्यातलं काही मरतं ते मरतं. किती परत येईल सांगता येत नाही. मी ते मुक्ताबाईला सांगितलं नाही. म्हटलं, "येईल, येईल, धीर धरा."

जावई रवी हॉस्पिटलात डबा घेऊन यायचा. त्याला सगळं कळलंच. एकदाच म्हणाला, "लपवलं कशाला पण? माझ्या चुलत्याला येतात फिट्स. त्याला काय आम्ही घराबाहेर काढलाय?" मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत नीलमला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे बारसंही इथेच. खोली बायकांनी भरलेली, पाळण्याला झेंडूच्या माळा, रवीची बहीण नाव ठेवायला आलेली. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आत्याने बाळाच्या कानात सांगायचं तेव्हाच कळायचं. फक्त केरबाला रवीने आधी सांगून ठेवलं होतं. आजोबाने नातीला नावाचा पेला द्यायचा होता ना.

बाहेर पॅसेजमध्ये केरबा खुर्चीवर बसला होता. मला बघून त्याने सदऱ्याच्या आतून चिमुकला पेला काढला. वर्षभरानंतर त्याने मशीन हातात घेतलं होतं. आठ दिवस लागले म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता, जसा माझ्या बालवाडीतली पोरं पाटी दाखवतात तेव्हा होतो.

"वाचता येतंय का बाई?"

मी पेला हातात घेतला. ठिपकेच ठिपके. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे काठापासून बुडापर्यंत पसरलेले. आणि वरून एक ओरखडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला निघालेला आणि मध्येच घसरून खाली गेलेला.

"येतंय की!" मी म्हटलं. "न यायला काय झालं? छान आलंय!"

"मग वाचा."

मी पेला उजेडाकडे फिरवला. पुन्हा फिरवला. आत बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती. मला एकसुद्धा अक्षर लागत नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि केरबाने हलकेच माझ्या हातातून पेला काढून घेतला. हात थरथरत होता, पण पेला पडला नाही.

"ऱ्हाऊ द्या बाई," तो म्हणाला. "त्या दिवशी गुणवंत डॉक्टरकडं बी तुम्ही असंच पटकन बोलला व्हता. मी शुद्धीवर आलतो. मला ऐकू येत व्हतं."